कोलेस्टेरॉल आणि आपला दस्तरखान : ओट्स, जव आणि वनस्पतींतले स्टेरॉल

रिपोर्टमध्ये एलडीएल वाढलेला दिसला की अंजनगाव सुर्जीतही आता किराणा दुकानातून ओट्सचा डबा घरी येतो. आठ दिवस खातात, मग कंटाळा येतो आणि डबा फळीवर पडून राहतो. ओट्स चांगलेच आहेत. पण त्यांतला कोणता घटक काम करतो हे कळले, तर तेच काम करणाऱ्या बऱ्याच वस्तू आपल्या वऱ्हाडी स्वयंपाकघरातच सापडतात.

ओट्स काय करतात?

ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू (फायबर) असतो. पाण्यात तो बुळबुळीत होतो. आपले यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्त बनवते आणि हे पित्त एरवी आतड्यातून पुन्हा शोषले जाते. बीटा-ग्लुकनच्या चिकट लगद्यात अडकले की त्यातले बरेचसे शौचावाटे निघून जाते. मग नवे पित्त बनवायला यकृत रक्तातला एलडीएल ओढून घेते.

रोज ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन काही आठवडे घेतल्यास एलडीएल साधारण ५ ते १० टक्के उतरतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये ओट्सच्या पाकिटावर हृदयाबाबतचा दावा छापायला परवानगी दिली, ती याच ३ ग्रॅमच्या हिशेबाने. त्यासाठी सुमारे ७५ ग्रॅम कोरडे ओट्स लागतात. दोन चमचे दुधात टाकून भागत नाही.

जव आणि तलबीना

बीटा-ग्लुकन जवातही भरपूर असते. फक्त नावात घोळ करू नका. जव म्हणजे बार्ली, जवस म्हणजे अळशी, आणि ज्वारी तिसरीच. बाजारातल्या ‘सातूच्या पिठा’त पुष्कळदा भाजलेले गहू आणि डाळं असतात, म्हणून जव आणून स्वतः दळून घेतलेले बरे.

जवाच्या पिठाची पातळ खीर म्हणजे तलबीना. सहीह बुखारीत हजरत आयेशा (रजि.) यांच्या रिवायतीत तलबीना आजारी माणसाच्या दिलाला आराम देणारा म्हटला आहे. तिथे कोलेस्टेरॉलचा विषय नाही, तेव्हा हदीसला लॅबचा रिपोर्ट बनवू नये. पण सुन्नतीचा हा पदार्थ सहेरीला किंवा नाश्त्याला घेतला तर फायदा आहेच. एका वाटीत दोन-तीन चमचेच पीठ जाते, म्हणून उरलेले जवाचे पीठ पोळीच्या कणकेत मिसळावे. दूध कमी सायीचे, मध किंवा खजूर बेताने. शुगर असलेल्यांनी तर गोड टाळावेच.

वनस्पतींतले स्टेरॉल

तीळ, शेंगदाणे, बदाम, डाळी आणि वनस्पती तेलांत स्टेरॉल असतात. त्यांची रचना कोलेस्टेरॉलसारखीच असते. आतड्यात ते कोलेस्टेरॉलची जागा अडवतात, त्यामुळे कोलेस्टेरॉल कमी शोषले जाते. रोज सुमारे २ ग्रॅम स्टेरॉलने एलडीएल ८ ते १० टक्के कमी होतो. मात्र रोजच्या जेवणातून काहीशे मिलिग्रॅमच मिळतात. २ ग्रॅमसाठी स्टेरॉल मिसळलेले खास पदार्थ किंवा गोळ्या लागतात, त्या डॉक्टरांना विचारूनच. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी आणि लहान मुलांनी त्या घेऊ नयेत. आणि स्टेरॉल मिळावेत म्हणून सालनात तेल वाढवायचे, हे तर उलटेच झाले.

सगळे मिळून किती फरक?

कॅनडात टोरांटोच्या डेव्हिड जेनकिन्स यांच्या गटाने २००३ मध्ये स्टेरॉल, सोयाबीन, बदाम आणि ओट्स, जव, इसबगोल, भेंडी, वांगी असा आहार ४६ जणांच्या चाचणीत तपासला. महिन्याभरात हा आहार घेणाऱ्यांचा एलडीएल सुमारे २८ टक्के उतरला, स्टॅटिन गोळी घेणाऱ्यांचा सुमारे ३१ टक्के. पण तिथे जेवण मोजून दिले जात होते. २०११ मध्ये याच गटाने लोकांना फक्त सल्ला देऊन सहा महिने पाहिले, तेव्हा घट साधारण १३ टक्के निघाली. घरी आपल्याला हाच आकडा धरून चालावे लागेल.

यादी पाहा : सोयाबीन आपल्या शेतात, भेंडी-वांगी आठवडी बाजारात, इसबगोल किराण्यात. बदाम महाग वाटले तर मूठभर बिनखारे शेंगदाणे चालतात. जवसाची चटणी आणि संत्र्याचा रस न काढता फोडी खाणे, यांतूनही विरघळणारा तंतू मिळतो.

ताटातून काय काढायचे?

डालडा, पुन्हा पुन्हा तापवलेले तेल, सालनावरची तर्री, चरबीचे तुकडे. भेजा आणि नल्ली रोजची नको. सकाळी ओट्स आणि रात्री डालड्यातला पराठा, असा हिशेब जुळत नाही. देशात तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे, तरी डालड्यातली घट्ट चरबी एलडीएल वाढवतेच.

हे विसरू नका

तंतू हळूहळू वाढवा, नाहीतर पोटात गॅस धरतो. पाणी भरपूर प्या. रमजानमध्ये इसबगोल इफ्तारनंतर, भरपूर पाण्यासोबत घ्या. औषधे आणि इसबगोल यांत दोनेक तासांचे अंतर ठेवा.

सर्वात महत्त्वाचे : डॉक्टरांनी दिलेली स्टॅटिनची गोळी ओट्स सुरू केले म्हणून बंद करू नका. अटॅक येऊन गेलेला असेल, स्टेंट असेल, शुगर असेल किंवा घरात कुणाला कमी वयात अटॅक आला असेल, तर नुसत्या आहारावर भागत नाही. आहार गोळीच्या सोबतीने काम करतो. दीड-दोन महिने नेमाने करा, मग पुन्हा लिपिड प्रोफाइल करा आणि दोन्ही रिपोर्ट डॉक्टरांसमोर ठेवा. गोळी कमी करायची की नाही ते तेच ठरवतील.