अविवाहित नायकाला जागा कोठे? : इंग्रजी प्रणयसुखात्मिकेची दोन मराठी रूपांतरे

१

इंग्रजी प्रणयसुखात्मिकेचा सारा डोलारा एका साध्या गृहीतावर उभा असतो. लग्नाच्या वयाचा एकटा पुरुष आणि स्वतःचे मत असलेली प्रौढ कुमारिका एकमेकांना भेटू शकतात, हे ते गृहीत. त्यानंतर गैरसमज होतात, वडीलधारे आड येतात, चिठ्ठ्या भलत्याच हाती पडतात. परंतु ही सर्व गुंतागुंत भेट शक्य असल्यामुळेच संभवते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मराठी नाटककारांनी या नाट्यप्रकाराला हात घातला, तेव्हा त्यांच्यापुढील खरी अडचण भाषेची नव्हती. कथानकाचा हा पायाच त्यांच्या प्रेक्षकांच्या जीवनात नव्हता.

रूपांतरित नाटकांची मराठी चर्चा बहुधा दोन कसोट्यांभोवती फिरत राहिली आहे : मूळ कृतीशी इमान आणि उतरलेल्या कृतीचे 'मराठीपण'. दुसऱ्या कसोटीला उतरलेले नाटक 'परके वाटत नाही' असे म्हटले की विवेचन संपते. परंतु ते परके का वाटत नाही, त्यासाठी कोणती सामाजिक जागा शोधावी लागली आणि त्या जागेची कोणती किंमत नाटकाच्या आशयाला मोजावी लागली, हे प्रश्न मागे राहतात. गोविंद बल्लाळ देवल (१८५५–१९१६) आणि प्रल्हाद केशव अत्रे (१८९८–१९६९) यांची दोन रूपांतरे शेजारी ठेवली, तर या प्रश्नांचा काही उलगडा होतो.

२

आर्थर मर्फीची 'ऑल इन द राँग' ही सुखात्मिका १७६१ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर आली. तिच्यामागे मोलिएरचे १६६० मधील 'स्गानारेल' हे प्रहसन होते. मर्फीच्या नाटकात संशयी दांपत्य सर जॉन आणि लेडी रेस्टलेस यांच्याबरोबरीने बेव्हर्ली हा अविवाहित तरुण आणि त्याची प्रेयसी बेलिंडा येतात. बेलिंडा प्रतिष्ठित घरातील कन्या आहे. तिच्या पित्याने तिचा विवाह अन्यत्र ठरविला आहे आणि हाच प्रेमिकांपुढील बाह्य अडथळा आहे. आतला अडथळा मात्र बेव्हर्लीच्या मनातील संशयाचा.

देवलांनी १८९३ मध्ये या नाटकाचे 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे गद्य रूपांतर केले. संमतिवयाचा कायदा होऊन तेव्हा अवघी दोन वर्षे झाली होती आणि त्या कायद्याने ठरविलेली मर्यादा होती बारा वर्षे. तीही धर्मावरचा घाला आहे, असे मानणारा मोठा वर्ग महाराष्ट्रात होता. अशा समाजातील पांढरपेशा घरात बेलिंडा सापडणे शक्य नव्हते. त्या घरात मुलगी प्रेमात पडण्याच्या वयाला येण्यापूर्वीच सासरी गेलेली असे. जिचा विवाह लांबला, तिची कथा सुखात्मिकेची होत नसे. ती कथा कोणती होते, हे देवलांनीच पुढे 'शारदा'त (१८९९) दाखविले. तेथेही लग्नोत्सुक एकटा पुरुष आहेच, पण तो जरठ विधुर भुजंगनाथ आहे आणि त्याच्या हाती प्रेमपत्र नसून पैशाची थैली आहे.

देवलांनी काढलेला मार्ग सर्वपरिचित आहे, पण त्याचे महत्त्व पुरेसे ध्यानात घेतले गेलेले नाही. त्यांनी नायिकेचे घर बदलले. रेवती नायकिणीच्या घरची मुलगी झाली. त्यामुळे ती प्रौढ असू शकली, अविवाहित असू शकली, परपुरुषाशी बोलू शकली आणि गाऊही शकली. पित्याच्या संमतीचा प्रश्नच उरला नाही. पुरुषांना महिन्यांची आणि स्त्रियांना नक्षत्रांची नावे देऊन देवलांनी पात्रांना आडनावांतून, म्हणजेच जातीच्या उघड निर्देशातूनही सोडविले. अश्विनशेठला प्रेम करायला जागा मिळाली ती अशी.

या सोयीने नाटकाचा आशय मात्र मुळातूनच पालटला. बेव्हर्लीचा संशय हा स्वभावदोष आहे. बेलिंडाच्या जन्मात त्याला आधार नाही. अश्विनशेठच्या संशयाला मात्र सारा समाज साक्ष द्यायला तयार आहे, कारण नायकिणीची मुलगी जन्मतःच संशयित. म्हणून रेवतीचा अपमान बेलिंडाच्या अपमानापेक्षा अधिक खोल जातो आणि तिची गृहिणी होण्याची इच्छा ही केवळ प्रणयाची परिणती राहत नाही. ती सामाजिक मागणी बनते. येथे देवलांनी मूळ रचनेतील समांतरतेचा फार सूचक उपयोग करून घेतला आहे. एकच तसबीर विवाहिता कृत्तिकेला आणि नायकिणीच्या रेवतीला एकाच वेळी संशयाच्या फेऱ्यात ओढते. फाल्गुनरावाचा संशय हास्यास्पद ठरला की अश्विनशेठचाही त्याच न्यायाने हास्यास्पद ठरतो. गरती स्त्री आणि नायकिणीची मुलगी यांतील भेद प्रहसनाच्या यंत्रणेनेच पुसला जातो. सुधारणेचा एकही पाठ न देता नाटक हे साधते.

हेच नाटक १९१६ मध्ये 'संगीत संशयकल्लोळ' या रूपात गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. बालगंधर्वांची रेवती आणि गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव यांनी ते गाजले. नायिकेच्या घरात गाणे आधीच नांदत असल्याने संगीताला वेगळे निमित्त शोधावे लागले नाही. मात्र गायनाच्या मोहिनीत रेवतीच्या स्थितीचा टोकदारपणा काहीसा बोथट झाला, असेही म्हणावे लागते. प्रेक्षकांना आता रेवतीच्या भवितव्यापेक्षा तिच्या पदांची प्रतीक्षा असे.

३

ब्रँडन टॉमसचे 'चार्लीज आंट' हे प्रहसन १८९२ मध्ये रंगभूमीवर आले आणि लंडनमध्ये त्याचे सलग १,४६६ प्रयोग झाले. ऑक्सफर्डमधील दोन अविवाहित विद्यार्थ्यांना दोन तरुणींपुढे प्रेम व्यक्त करायचे आहे. त्यासाठी त्यांना भोजनाला बोलवायचे आहे, पण वडीलधारी स्त्री उपस्थित नसेल तर कुलीन मुलींनी पुरुषांच्या खोलीवर जायचे नाही, असा संकेत आहे. येऊ घातलेली श्रीमंत मावशी वेळेवर येत नाही आणि एका मित्राला स्त्रीवेष चढवून तिच्या जागी बसविले जाते. म्हणजे इंग्रजी सुखात्मिकेतही भेट निर्वेध नव्हती. फक्त तेथील अडसर एका प्रौढ स्त्रीच्या उपस्थितीने दूर होण्याजोगा होता.

अत्र्यांनी 'मोरूची मावशी' १९४७ मध्ये रंगभूमीवर आणले. मधल्या अर्धशतकात मराठी मध्यमवर्गात मुलींचे शिक्षण आणि विवाहाचे वय दोन्ही वाढले होते. तरुण-तरुणींची महाविद्यालयात ओळख होऊ शकत होती, पण ब्रह्मचाऱ्यांच्या बिऱ्हाडी मुलीने जाणे अजूनही प्रशस्त नव्हते. त्यामुळे इंग्लंडमध्ये जुनाट झालेला संकेत मराठीत ताजा ठरला. देवलांना नायिकेचे कुळ बदलावे लागले होते; अत्र्यांना तशी गरज पडली नाही.

'आंट' या एका इंग्रजी शब्दासमोर मराठीत आत्या, काकू, मामी आणि मावशी उभ्या राहतात. त्यांतून 'मावशी' निवडण्यात नात्यातील लडिवाळपणा आहेच. शिवाय तमाशाच्या गवळणीत स्त्रीवेषातील पुरुषाने रंगविलेली 'मावशी' मराठी प्रेक्षकांना कित्येक पिढ्या ठाऊक होती. अत्र्यांचा हेतू काहीही असो, टॉमसच्या विनोदाला मराठीत एक आयती परंपरा लाभली.

या ठिकाणी स्त्रीवेषाच्या अर्थाचाही इतिहास दिसतो. १९१६ मध्ये बालगंधर्वांची रेवती कोणालाही हास्यास्पद वाटत नव्हती. ती सौंदर्याचा आदर्श होती. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतरच्या 'आंधळ्यांची शाळा'ने स्त्रीभूमिकांत स्त्रिया आणल्या आणि त्यानंतरच्या काळात स्त्रीवेषातील पुरुष मुख्यतः विनोदाचा विषय झाला. परंतु हे स्थित्यंतर शहरी रंगभूमीचे. ठाणे जिल्ह्याच्या (२०१४ पासून पालघर जिल्ह्याच्या) डोंगरी भागात, जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात, देवीचे सोंग घेऊन नाचणारा पुरुष मोहक नसतो आणि हास्यास्पदही नसतो. मुखवटा चढला की तो पूज्य होतो. एकाच मराठी प्रदेशात एकाच वेषाचे तीन अर्थ नांदत होते.

४

जव्हारचा हा निर्देश वेषापुरता सोडून चालणार नाही, कारण मूळ गृहीताचीच तेथे वेगळी परीक्षा होते. प्रौढ कुमारिका आणि तिची भेट मराठी समाजात अशक्य होती, असे विधान सरसकट केले जाते. ते नाटकाच्या तिकीट काढणाऱ्या वर्गापुरतेच खरे आहे. वारली समाजात तरुण-तरुणींनी परस्परांना निवडणे, विधी होण्यापूर्वीच एकत्र नांदणे आणि पैसा जमेल तेव्हा धवलेरीकडून लग्न लावून घेणे, हे रूढ होते. आईबापांच्या लग्नाला त्यांची मुले हजर असावीत, यात वावगे काही नव्हते. मर्फीला जे गृहीत धरता आले, ते पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यापेक्षा या डोंगरात अधिक सहज होते.

तरीही तेथून प्रणयसुखात्मिका निघाली नाही. वारली पुरुषापुढचा अडथळा पिता किंवा लोकसंकेत हा नव्हता. तो लग्नाच्या खर्चाचा होता. वधूकडच्यांना द्यायचे देज आणि लग्नाचे जेवण यांसाठी तो जमीनदार-सावकाराकडून कर्ज घेई आणि ते फेडण्यासाठी त्याच्या शेतावर वर्षानुवर्षे राबे. अशा माणसाला त्या भागात 'लग्नगडी' म्हणत. डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात १९४५ मध्ये उभ्या राहिलेल्या वारल्यांच्या लढ्यात वेठीबरोबर ही गुलामीही मोडण्याची मागणी होती. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) या पुस्तकाने लग्नगड्याचे जिणे मराठी वाचकांपुढे ठेवले. लढा पेटल्यानंतर दोनच वर्षांनी मुंबईचे प्रेक्षक मोरूच्या लग्नाच्या खटपटीला हसत होते. त्या हसण्यात अपराध काही नव्हता. पण ते कोणाला परवडत होते, याची नोंद साहित्येतिहासाने करायला हवी.

सुखात्मिकेचा पडदा लग्न ठरताच पडतो. लग्नगड्याची गोष्ट लग्न लागल्यानंतर सुरू होते. एकाच्या दृष्टीने विवाह ही गुंत्याची उकल, तर दुसऱ्याच्या दृष्टीने तीच गुंत्याची सुरुवात. म्हणूनच इंग्रजी प्रणयसुखात्मिका मराठीत कशी रुजली, हे पाहताना मूळ संहिता आणि रूपांतर यांची संवादागणिक तुलना पुरेशी होत नाही. विवाहाचे वय, राहत्या घराची रचना, स्त्रीला बाहेर वावरण्याची मुभा आणि लग्नाचा खर्च कोण उचलतो, या गोष्टीही संहितेसारख्याच वाचाव्या लागतात. देवलांनी रेवतीला नायकिणीच्या घरी का ठेवले आणि अत्र्यांना तसे का करावे लागले नाही, याचे उत्तर मर्फी किंवा टॉमसच्या पानांत सापडत नाही. ते १८९३ आणि १९४७ या दोन सालांमधील मराठी घरांत सापडते. आणि ती घरे म्हणजे अवघा मराठी मुलूख नव्हे, हे जव्हारच्या डोंगरातील लग्ने सांगतात.