अभयारण्ये व राष्ट्रीय उद्याने यांतील पूर्वहक्क

एखादे क्षेत्र अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित होण्यापूर्वी तेथील जमीन, कुरण, पाणवठा व वाट यांवर व्यक्तींचे वा गावांचे जे हक्क असतात, त्यांना पूर्वहक्क म्हणतात. वाशीम जिल्ह्यात राष्ट्रीय उद्यान नाही, तथापि २००० मध्ये घोषित झालेल्या कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्यामुळे (सु. १८ चौ. किमी.) हा विषय तेथेही प्रस्तुत ठरतो.

या प्रश्नाची पार्श्वभूमी वऱ्हाडच्या वनव्यवस्थेत आढळते. १८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाडचा कारभार ब्रिटिशांकडे सोपविला. पुढे तेथील सरकारी वनांचे तीन वर्ग करण्यात आले : इमारती लाकूड व जळण यांसाठी ‘अ’, वैरणीसाठी ‘ब’ आणि गुरचराईसाठी ‘क’. अशा रीतीने गवताळ रानेही वनखात्याच्या कक्षेत आली. ब्रिटिश वननीतीत हक्क व सवलत असा भेद केला जाई. सवलत सरकारला काढून घेता येत असल्याने पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीस कायद्याचा भक्कम आधार राहिला नाही.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये जिल्हाधिकारी पूर्वहक्कांची चौकशी करतात. उद्‌घोषणेनंतर दोन महिन्यांत लेखी दावा करावा लागतो. दावा मान्य झाल्यास ती जमीन क्षेत्रातून वगळता येते किंवा भरपाई देऊन संपादन करता येते. अभयारण्यात काही हक्क चालू ठेवण्याची मुभा आहे. राष्ट्रीय उद्यानात मात्र गुरचराईस मनाई आहे. सार्वजनिक वाट किंवा सामाईक कुरण बंद झाल्यास शक्यतोवर पर्यायी सोय करण्याची तरतूदही अधिनियमात आहे. प्रत्यक्षात अनेक राज्यांत ही चौकशी वर्षानुवर्षे रेंगाळल्याने सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ती एका वर्षात पुरी करण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी पेंच राष्ट्रीय उद्यानातील जलाशयात मासेमारीसाठी मध्य प्रदेश शासनाने ३०५ आदिवासी कुटुंबांना दिलेले परवाने न्यायालयाने रद्द केले नाहीत. मात्र उद्यानाच्या इतर भागांत जाण्यास त्यांना बंदी घातली.

वनहक्क अधिनियम, २००६ हा अभयारण्ये व राष्ट्रीय उद्याने यांनाही लागू असून त्यात चराई व निस्तार यांचा सामूहिक हक्कांत समावेश होतो. आदिवासींखेरीज इतर पारंपरिक वननिवासींना मात्र १३ डिसेंबर २००५ पूर्वीचे तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे, वास्तव्य सिद्ध करावे लागते. लेखी पुरावा क्वचितच असणाऱ्या पशुपालकांना ही अट जाचक ठरते. तथापि २००८ च्या नियमांनी गावातील वडीलधाऱ्यांच्या लेखनिविष्ट जबानीसही पुरावा मानले असून, मौखिक वहिवाटीला त्यामुळे कायदेशीर वजन प्राप्त झाले आहे.