फितीवरचं अंतराळ

आकाशवाणीची नभोनाट्यं ऐकत मोठ्या झालेल्या आपल्या वर्गाला ही गोष्ट आवडेल. ८ मार्च १९७८, बुधवारी रात्री साडेदहाला बीबीसी रेडिओ ४ वर 'द हिचहायकर्स गाइड टू द गॅलॅक्सी' ही विनोदी विज्ञान-मालिका सुरू झाली. नमुन्याचा पहिला भाग सायमन ब्रेट यांनी १९७७ मध्येच केला होता. पुढचे पाच जेफ्री पर्किन्स यांनी.

लेखक डग्लस ॲडम्स. त्याच सुमारास 'डॉक्टर हू'चं लेखनही गळ्यात पडलं आणि ते थकले. शेवटच्या दोन भागांना मित्र जॉन लॉइड धावून आले.

खरी मेहनत आवाजांची. आम्ही संगणकावर चुकलो की अनडू दाबतो; तिथे फीत ब्लेडने कापून पुन्हा जोडायची. मार्विन या उदास यंत्रमानवाचा आवाज यंत्रातून बदलायचा, म्हणून नटाला इतरांपासून वेगळं बसवत. यानांचे, यंत्रांचे ध्वनी बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमधले.

नाव मात्र एकट्या ॲडम्सचं घेतात, ते मला पटत नाही. स्नेहसंमेलनात विंगेत उभं राहून पत्रा वाजवत विजा पाडणाऱ्यांनाही पटणार नाही! पंच्याहत्तर लाख वर्षं विचार करून '४२' एवढंच सांगणारा महासंगणक लिहिला ॲडम्स यांनी. तो ऐकू आला या मंडळींमुळे.