लाळग्रंथीची गाठ: रिपोर्टमधल्या ‘पॉझिटिव्ह’चा अर्थ काय?

कानाच्या पाळीखाली किंवा जबड्याच्या कोपऱ्याजवळ गाठ येते. ती दुखत नाही, हळूहळू वाढते, म्हणून दाखवायचे राहून जाते. मुळशी तालुक्यातल्या जांबे गावातून कोणी अशी गाठ घेऊन पुण्यातल्या रुग्णालयात गेले, तर आधी सोनोग्राफी आणि सुईने पेशी काढून तपासणी होते. बहुतेक वेळा पुढे शस्त्रक्रिया करून गाठ काढतात. काही दिवसांनी रिपोर्ट हाती येतो: ‘एस-१०० पॉझिटिव्ह, पी६३ पॉझिटिव्ह, केआय-६७ कमी’. घरच्यांना दिसतो तो ‘पॉझिटिव्ह’ शब्द, आणि सगळे घाबरतात.

या शब्दाचा अर्थ ‘कॅन्सर आहे’ असा होत नाही. ते विशिष्ट प्रथिन पेशींत सापडले, एवढाच त्याचा अर्थ.

तपासणीसाठी गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवून त्याचे काही मायक्रॉन जाडीचे काप काढतात. त्यावर ठरावीक प्रथिनालाच चिकटणारी प्रतिपिंडे टाकतात. प्रथिन असेल तिथे सहसा तपकिरी रंग उमटतो. या तपासणीला इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, थोडक्यात आयएचसी म्हणतात.

लाळग्रंथींच्या बाबतीत ही तपासणी जरा अवघड जाते. ग्रंथीत नलिकेच्या आतल्या पेशी आणि त्यांना बाहेरून वेढणाऱ्या, आकुंचन पावणाऱ्या पेशी असतात. साध्या आणि घातक, दोन्ही प्रकारच्या गाठी याच पेशींपासून बनतात. म्हणून प्रथिनेही सारखीच दिसतात. एस-१०० हे सर्वाधिक आढळणाऱ्या साध्या गाठीत, म्हणजे प्लिओमॉर्फिक ॲडिनोमात सापडते आणि सिक्रेटरी कार्सिनोमा या कॅन्सरमध्येही. सीडी११७ ॲडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमात दिसते, पण काही साध्या गाठींतही दिसते.

मग साधी की घातक हे ठरते कशावरून? मुख्यतः गाठीच्या कडेवरून. ती शेजारच्या ऊतीत, नसांच्या भोवती किंवा रक्तवाहिन्यांत घुसली आहे का, हे सूक्ष्मदर्शकाखाली बघितले जाते. त्यामुळेच नुसत्या सुईच्या तपासणीवर काही वेळा ठाम उत्तर मिळत नाही.

केआय-६७ थोडी वेगळी माहिती देते: किती टक्के पेशी विभाजनाच्या चक्रात आहेत. (जर्मनीतल्या कील शहरात १९८३ साली ते प्रथम नोंदले गेले, ६७ हा प्रयोगातला क्रमांक.) आकडा जास्त असेल तर घातकतेचा संशय वाढतो. पण कमी आकडा म्हणजे निर्धास्त होणे नव्हे, कारण सावकाश वाढणाऱ्या कॅन्सरमध्येही तो कमीच असतो.

प्रथिनांचा खरा उपयोग कॅन्सरचा प्रकार ओळखायला होतो. २०१० साली चेक पॅथॉलॉजिस्ट अलेना स्कालोव्हा आणि सहकाऱ्यांनी सिक्रेटरी कार्सिनोमा वेगळा दाखवला. त्याआधी अशा बऱ्याच गाठी ॲसिनिक सेल कार्सिनोमा म्हणून मोजल्या जात. आता डीओजी-१ हे प्रथिन सहसा ॲसिनिक सेलमध्ये ठळक, तर एस-१०० आणि मॅमाग्लोबिन ही जोडी सिक्रेटरीमध्ये दिसते. हा फरक केवळ नावापुरता नाही. सिक्रेटरी कार्सिनोमात बहुधा ईटीव्ही६ आणि एनटीआरके३ या जनुकांची जोडणी असते, आणि पसरलेल्या आजारात त्यावर नेमकी काम करणारी औषधे आहेत. त्यातल्या लॅरोट्रेक्टिनिबला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. सॅलिव्हरी डक्ट कार्सिनोमा हा आक्रमक कॅन्सर. त्यात हर-२ किंवा ॲन्ड्रोजन रिसेप्टर सापडले, तर स्तनाच्या किंवा प्रोस्टेटच्या कॅन्सरवरची औषधे विचारात घेतली जातात.

एकट्या प्रथिनावर निदान होत नाही, अनेक प्रथिने एकत्र बघावी लागतात. उलट, पुष्कळ साध्या गाठी नेहमीच्या रंगद्रव्यांनीच ओळखू येतात. तिथे आयएचसीचा खर्च लागतही नाही. गाठ साधी निघाली तरी ती तशीच ठेवणे मात्र बरे नाही. प्लिओमॉर्फिक ॲडिनोमा वर्षानुवर्षे राहिला, तर त्यात कॅन्सर उद्भवू शकतो. कानाजवळच्या ग्रंथीतून चेहऱ्याची नस जाते, त्यामुळे गाठ मोठी होत गेली की शस्त्रक्रियाही कठीण होते.

निदानाबद्दल शंका असेल तर रुग्णाला दुसरे मत घेता येते आणि त्यासाठी नव्याने तुकडा काढावा लागतोच असे नाही. मेणाचा ठोकळा प्रयोगशाळेत जपून ठेवलेला असतो. तो आणि काचपट्ट्या मागून घेऊन मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलसारख्या रुग्णालयात फेरतपासणीला देता येतात.