प्रज्ञाचक्षू म्हणताना

यवतमाळात बसून आज आपल्याला शेजारच्या अमरावती जिल्ह्याकडे पाहायचं आहे. तिथल्या लोणी टाकळीत १८८१ साली गुलाबराव महाराजांचा जन्म झाला. तान्हेपणीच, जेमतेम नऊ महिन्यांचे असताना, त्यांची दृष्टी गेली. १९१५ मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी ते गेले. मागे शंभरावर ग्रंथ होते. त्यांत वेदान्त आहे, डार्विन-स्पेन्सरच्या मतांची चिकित्सा आहे, बायकांना म्हणता येतील अशी गाणीही आहेत. 'नावंग' नावाची एक भाषाच त्यांनी रचली.

लोकांनी त्यांना 'प्रज्ञाचक्षू' म्हटलं. शब्द आदराचाच, पण त्यात एक गोम आहे. सारं चमत्काराच्या खाती टाकलं, की मेहनत दिसेनाशी होते. महाराज इतरांकडून ग्रंथ वाचून घेत, ऐकलेलं ध्यानात ठेवत आणि मजकूर तोंडी सांगत. शिष्य लिहून घेत. बुद्धी त्यांचीच, पण ती कागदावर उतरायला वाचणारा गळा आणि लिहिणारा हात लागला.

हे आम्हाला फार उशिरा उमजलं. आमच्या तत्त्वज्ञानाच्या वर्गात एक अंध मुलगा होता. आम्ही त्याला कौतुकानं 'प्रज्ञाचक्षू' म्हणायचो. पुस्तक वाचून दाखवायला मात्र कुणाला सांगितलं नाही, स्वतःही बसलो नाही. दुसऱ्या वर्षी तो आलाच नाही.

तेव्हा हा शब्द तोंडात येईल, त्याआधी एवढंच विचारू या: याला वाचून कोण दाखवतंय?