दारातला प्रश्न

न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर शहरी 1928 पासून सुमारे बारा वर्षे, न्यायालये व बालसंस्था यांच्याकडून येणाऱ्या मुलांची तपासणी करून त्यांचे अहवाल दफ्तरी दाखल करण्याचे काम करीत असता, कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञांना एका मातेने, तिच्या मुलाच्या उनाडपणाचे मूळ तिच्याच वर्तनात आहे हे तिला पटविण्याचे त्यांचे सर्व यत्न निष्फळ ठरून उभयतांनी मुलाखती बंद करण्याचे ठरविल्यावर, दारापर्यंत जाऊन, मागे वळून विचारले, की येथे प्रौढांनाही सल्ला मिळतो काय? होकार मिळताच तिने आपल्या दुःखी संसाराची जी कैफियत मांडली, ती आधीच्या टिपणांतील कोरड्या मजकुराहून सर्वस्वी भिन्न होती. पुढे मुलगाही सुधारला. निदानाची सवय जडलेल्या विद्वानाला हा पराभव मानवला, हे मला विशेष वाटते. 1940 मध्ये ओहायो राज्य विद्यापीठात गेल्यावर त्यांनी मुलाखती तबकड्यांवर मुद्रित करविल्या आणि 1942 च्या ग्रंथात एका प्रौढाच्या आठही बैठकींचे संभाषण अक्षरशः छापले. सबब बंद खोलीतला उपचार परक्या परीक्षणास खुला झाला. 1945 मध्ये शिकागो विद्यापीठात त्यांनी स्थापिलेल्या सल्ला-केंद्रात विद्यार्थी येत, तसे शहरातील नागरिकही येत, आणि महायुद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी सल्लागारही तेथे तयार होऊ लागले.