पोरं वर्गात का बसायची? हिप्परग्यापासून लातूर पॅटर्नपर्यंत

 

आपल्या लातूर-नांदेडात बारावी सायन्सची पोरं कॉलेजात दिसत नाहीत, ही आता बातमीसुद्धा राहिलेली नाही. अकराच्या सुमारास एखाद्या ज्युनिअर कॉलेजात डोकावा. बाकं मोकळी, फळा कोरा. त्याच वेळी क्लासच्या हॉलमध्ये पोरं खांद्याला खांदा लावून बसलेली. सर लोक म्हणतात, पोरं येत नाहीत तर शिकवू कुणाला? पोरं म्हणतात, सर शिकवत नाहीत तर येऊ कशाला? हे भांडण वीसेक वर्षं तरी मी बातमीदार म्हणून ऐकतोय. पण याच मातीत पोरं वर्गात बसत होती, तीही कसलाच फायदा दिसत नसताना. ते कसं, हे सांगायचंय.

धाराशिव जिल्ह्यात लोहारा तालुक्यात हिप्परगा (रवा) नावाचं गाव आहे. तिथं 1921 साली राष्ट्रीय शाळा निघाली. राज्य निजामाचं. हैदराबादेत 1918 साली उस्मानिया विद्यापीठ झालं, त्याचं माध्यम उर्दू. देशी भाषेत विद्यापीठ चालवणं ही त्या काळात मोठीच गोष्ट होती, हे मान्य करायला हरकत नाही. पण मराठी, तेलुगू, कानडी घरच्या लेकराला वरच्या वर्गात गेलं की गणित, इतिहास सगळं उर्दूतून. घरी एक भाषा, वर्गात दुसरी. मास्तर बोलणार, पोरगं पाठ करणार. समजलं का, हे विचारायची सोयच नाही.

अशात 1929 साली हिप्परग्याला व्यंकटेश खेडगीकर नावाचा तरुण आला. आधी कामगार नेते ना. म. जोशी यांचा सचिव होता. तो या शाळेचा मुख्याध्यापक झाला. तिथेच संन्यास घेतला आणि स्वामी रामानंद तीर्थ झाला. आज नांदेडच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे, तेच. आपल्या पोरांना ते पुतळ्यातले स्वामीजी माहीत आहेत. पण ते आधी शाळामास्तर होते, हे किती जणांना ठाऊक आहे?

राष्ट्रीय शाळेत शिकून सरकारी नोकरीची हमी नव्हती. उलट सरकारची नजर वाकडी. तरी लेकरं यायची. मला यामागचं कारण साधं वाटतं. आपल्या भाषेत कुणीतरी आपल्याशी बोलतंय, शिकवणारा माणूस आपल्यातच राहतोय, आणि वर्गातल्या बोलण्याचा बाहेरच्या जगाशी संबंध आहे, हे पोराला कळत होतं. 1935 ला स्वामीजी मोमिनाबादला, म्हणजे आपल्या अंबाजोगाईला गेले. तिथंही शाळाच. 1938 ला मात्र खडू ठेवून ते स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात उतरले. मुक्तिसंग्रामात अशा शाळांतली पोरं दिसतात, हा काही योगायोग नव्हे.

निजामी राजवट संपली. 1950 साली नांदेडला पीपल्स कॉलेज आणि औरंगाबादला बाबासाहेबांचं मिलिंद कॉलेज सुरू झालं. घरात पहिल्यांदाच कुणीतरी कॉलेज बघतंय अशी पोरं बाकावर आली. त्यांच्यापुढं बोलणं सोपं नव्हतं.

इथं नरहर कुरुंदकरांवर थांबावंच लागतं. 1932 चा जन्म, गाव वसमतजवळचं कुरुंदा. हैदराबादेत मामा डॉ. ना. गो. नांदापूरकरांकडे राहिले. इंटरला पुन्हापुन्हा नापास. आजच्या हिशोबात 'ड्रॉपर' म्हणून सुद्धा कुणी घेतलं नसतं! असा माणूस नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत मास्तर झाला, मग सावकाश डिग्र्या घेऊन पीपल्स कॉलेजात मराठीचा प्राध्यापक आणि शेवटी प्राचार्य. 10 फेब्रुवारी 1982 ला औरंगाबादेत व्यासपीठावरच गेले. मी तेव्हा पाळण्यात होतो, त्यामुळे त्यांना ऐकल्याच्या बाता मारणार नाही.

पण वाचलंय. त्यांची काही पुस्तकं तर व्याख्यानांचीच छापील रूपं आहेत, त्यामुळे वर्गातला माणूस कानावर येतो. त्यांची एक रीत दिसते. ज्याचं म्हणणं खोडायचं, त्याची बाजू आधी त्याच्यापेक्षा नीट मांडायची. ऐकणाऱ्याला वाटतं, अरे हेच बरोबर. आणि मग हळूच एक प्रश्न. तिथं झोप उडते. 'श्रीमान योगी'ची प्रस्तावना काढून बघा. ते खरं तर रणजित देसाईंना लिहिलेलं लांबलचक पत्र आहे, महाराजांकडे कसं बघावं यावर. उत्तर हातात देण्यापेक्षा प्रश्न कसा विचारायचा हे दाखवणारं. ब्राझीलच्या पावलो फ्रेरीनं पोराच्या डोक्यात बँकेसारखा माल जमा करण्याच्या शिक्षणावर टीका केली, ती साधारण याच काळातली. नांदेडच्या मास्तरला ते वेगळं सांगायची गरज नव्हती.

आता लातूर पॅटर्न. त्याला नुसत्या शिव्या घालणं मला पटत नाही. 1980 च्या दशकात राजर्षी शाहू कॉलेजसारख्या ठिकाणी तो आकाराला आला, तेव्हा पुण्या-मुंबईच्या पोरांपुढं आपली पोरं गुणवत्ता यादीत दिसत नव्हती. उपाय घाम गाळायचा होता. अभ्यासक्रम लवकर संपवायचा, चाचणीमागून चाचणी घ्यायची, पेपर तपासून तुझं इथं चुकलं हे सांगायचं. घोकंपट्टी होती, हो. पण ती कॉलेजातच होती आणि सर वर्गातच होते! शेतकऱ्याचं पोरगं कॉलेजच्या फीमध्येच डॉक्टर-इंजिनिअर होत होतं.

मग सीईटी आली, आणि पुढे मेडिकलला नीट सक्तीची झाली. चार पर्यायांतला एक गोल भरायचा. उत्तरपत्रिकेवरच्या लाल पेनाचं काम संपलं. बारावीचे मार्क फक्त पात्रतेपुरते उरले. पॅटर्न कॉलेजातून उठला आणि क्लासमध्ये जाऊन बसला. कॉलेजकडे राहिली हजेरी.

यात मरतो कोण? ज्याच्या बापाकडे क्लासची फी आहे त्याचं काही अडत नाही. पण कंधार, मुखेड, जळकोटकडचं एखादं लेकरू एसटीचा पास काढून कॉलेजला येतं, कारण त्याच्याकडे कॉलेजशिवाय दुसरं काही नाही. त्याला वर्ग रिकामा दिसतो. चार पोरांसाठी कशाला तास घ्यायचा म्हणून तासच होत नाही. हिप्परग्याच्या शाळेत पोरं किती आणि सोयी काय होत्या, याचा जरा विचार करा.

जूनमध्ये प्रवेशाला जाल तेव्हा कॉलेजला निकालाचा फ्लेक्स विचारू नका, तो गेटवर लागलेलाच असतो. अकरावी-बारावीचं वेळापत्रक मागा. आणि ऑगस्टमधल्या एखाद्या मंगळवारी, न सांगता, तिसऱ्या तासाला वर्गापर्यंत चालत जाऊन या.